नकाशात नसलेला बोळ

कोरेगावात आमच्या गल्लीतली बाग वाढवायची ठरली, तेव्हा एक सरकारी साहेब आखणी करायला आला. त्याचं नाव आम्ही विचारलं नाही, त्यानंही आमचं विचारलं नाही. पांढरे बूट, कडक इस्त्री, हातात नकाशाची गुंडाळी. बोलताना माणसाकडे बघायचाच नाही, सगळं त्या कागदाशी. "रहिवाशांना कमीत कमी त्रास, हेच आपलं धोरण," असं दर दहा मिनिटांनी म्हणायचा आणि रुमालानं बुटांवरची धूळ झटकायचा.

त्यानं बागेच्या हद्दीसाठी मारलेली पांढऱ्या फक्कीची रेघ थेट आमच्या बोळाच्या तोंडावरून गेली. बोळ एकाच बाजूनं उघडा, आत सात घरं. शेजारच्या काकींचे मालक अंथरुणाला खिळलेले. त्यांना दवाखान्यात न्यायला रिक्षा तिथूनच आत येते.

काकी म्हणाल्या, "आवं सायेब, मग आमी जायाचं कुठनं?"

त्यानं नकाशावर बोट फिरवलं. "इथे बोळच नाही, बाई."

अडाण्यालाही रस्ता दिसतो. याला शिकून दिसेनासा झाला होता.

दुपारपर्यंत मजुरांनी रेघेवर कुंपणाचे खांब रोवले. साहेब निघाले, तर त्यांची जीप बोळात अडकलेली. सकाळी सावली बघून त्यांनीच ती आत लावली होती.

काकी दारातूनच म्हणाल्या, "नकाशात बघा की सायेब. बोळच न्हाई, तर गाडी आत आली कुठनं?"

तो हसला नाही, वरमलाही नाही. त्यानं मजुरांना दोन खांब उपटायला लावले, जीप बाहेर काढली आणि काच खाली करून म्हणाला, "हं, लावा आता परत."