खिशातला फ्यूज

आष्ट्याच्या बौद्ध वस्तीत निम्म्याहून जास्त घरांचं फिटिंग धनाजीच्या हातचं. वस्तीतला पहिला बल्ब त्यानंच पेटवला, तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आणि आता, शहाण्णवच्या हिवाळ्यात, दिवस मावळला की सगळ्या वस्तीत अंधार असायचा तो एकट्या धनाजीच्या घरात.

"वायरमनच्याच घरात लोडशेडिंग व्हय रं?" शेजारचा भाऊसो येताजाता विचारायचा. धनाजी कसनुसं हसायचा.

चौदा महिने त्याला धड झोप नव्हती. हात कापायचे. वायर सोलताना बोटं सोलली जायची, आणि कापऱ्या हाताचा वायरमन म्हणजे आज ना उद्या भिंतीवरचा फोटो. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, दिवस मावळल्यावर घरात विजेचा दिवा नको; महिनाभर करून बघा, झोप आपोआप येईल. चौदा महिन्यांपूर्वी काय घडलं हे त्यांनी विचारलं नाही, यानंही सांगितलं नाही.

खरं तर बटणं बंद केली असती तरी भागलं असतं. पण धनाजी रोज मेन स्विचमधला चिनीमातीचा फ्यूजच उपसून काढायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा. ही त्याची कामावरची शिस्त. जोडीदार वर चढला की फ्यूज धनाजीच्या खिशात. तो खाली उतरेपर्यंत कुणी पाया पडलं तरी मिळायचा नाही. या शिस्तीसाठी पंचक्रोशीत त्याचं नाव होतं.

ती मोडली एकदाच. गावातल्या एका बड्या घरचं लग्न होतं. बायकोचा भाऊ अर्जुना मांडवाच्या लोखंडी कमानीवर दिव्यांच्या माळा बांधायला चढला होता. धनाजीनं नुकताच फ्यूज काढला, तो हातातच होता. तेवढ्यात यजमानांनी हाक मारली, "धनाजीराव, या, मान घ्या." त्या आळीत त्याच्या बापाला ओट्याखाली उभं राहावं लागायचं, आणि याला आज टॉवेल, टोपी, नारळ! मान एका हातानं कसा घ्यायचा? त्यानं फ्यूज मीटरच्या पेटीवर ठेवला आणि दोन्ही हात पुढं केले. टोपी डोक्यावर बसते न बसते तोच मागं कुणाला तरी लाऊडस्पीकरची घाई झाली आणि त्यानं फ्यूज बसवला. अर्जुना तिशीचाही नव्हता.

"फ्यूज माज्या खिशात हुता," धनाजीनं सगळ्यांना सांगितलं. "दुसऱ्या लायनीचा करंट उतरला." फ्यूज बसवणाराही गप्प राहिला. धनाजीच्या शब्दावर शंका कोण घेणार? उलट त्याची बायको पारूबाईच, सख्खा भाऊ गेलेला असताना, नवऱ्याला धीर देत राहिली. ते त्याला सगळ्यात जड गेलं.

अंधाराची अकरावी संध्याकाळ. दहावीतली लेक आम्रपाली रॉकेलच्या चिमणीजवळ पुस्तक धरून खोकत होती. धनाजी भिंतीला टेकला होता, आणि कधी नव्हे तो त्याचा डोळा लागला होता.

"आवं, पोरीचं डोळं जातील आशानं," पारूबाई म्हणाली. "आजच्या दिस द्या त्यो फ्यूज." तो हलला नाही, म्हणून तिनंच त्याच्या खिशात हात घातला.

धनाजीनं दचकून तिचं मनगट आवळलं.

"हात लावू नगं! अर्जुना वर हाय अजून!"

आम्रपालीनं पुस्तक मिटलं. पारूबाईनं मनगट सोडवून घेतलं नाही.

"मंजी तवा," ती हळूच म्हणाली, "तवा खिशात न्हवता व्हय?"

हीच वेळ होती खोटं बोलायची, आणि चौदा महिने सराव झालेलं ते वाक्य त्याच्या तोंडून निघेना. त्यानं फ्यूज काढून तिच्या हातावर ठेवला.

पारूबाईनं तो जाऊन बसवला. घर लख्ख उजळलं. भिंतीवर अर्जुनाचा फोटो होता आणि त्याच खुंटीला मानाचा टॉवेल, तिनंच धुऊन टांगलेला. तिनं टॉवेल काढून चुलीत घातला आणि फोटोखाली बसली, ती उजाडेपर्यंत. दिवा कुणीच बंद केला नाही.