माझ्या हातची विंच

उद्यमनगरातल्या आमच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात वडिलांच्या हाताखाली मला बारा वर्षं झाली होती. तरी गाडी लावली की गिऱ्हाईक आधी विचारायचं, "अण्णा हायत न्हवं?" मी समोर टेस्टर घेऊन उभी असले तरी. हॉर्न, हेडलाइट माझ्याकडे. मोठ्या कामाला मात्र अण्णांचाच हात हवा. मी चडफडायची आणि अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मग कुरुंदवाडचा एक शेतकरी पिकअप घेऊन आला. पुढच्या बंपरला त्यानं इलेक्ट्रिक विंच बसवून घेतली होती. रुतलेली वाहनं ओढून काढणारा, मोटरवर चालणारा तारेचा रहाटच तो. वायरिंग तेवढं राहिलं होतं.

"ही करंल," अण्णा म्हणाले.

मालकाचा चेहरा पडला. "व्हय, पर तुमी नजर ठेवा की."

"मी न्हाय बघणार," म्हणत अण्णा खरंच चहाला निघून गेले. हे फसलं तर आपल्या नशिबी जन्मभर हॉर्नच, हे मला तिथंच कळलं.

दोन दिवस मी त्या गाडीखाली होते. ओझं आलं की विंच एवढा करंट खेचते की साधी वायर जळूनच जाईल. मी अंगठ्याएवढी जाड केबल घेतली, बॅटरीजवळ ब्रेकर लावला. आमच्याकडे सगळे अर्थिंग चासीवरूनच, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरूनच घेतात, अण्णासुद्धा. मी मात्र वेगळी केबल थेट बॅटरीपर्यंत नेली. अण्णांनी येताजाता पाहिलं आणि ते आपल्या कामाला लागले. दुकानासमोर विंच दोन्हीकडे झकास फिरली आणि गाडी गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "अण्णा, बंद पडली हो. तुमीच या."

आम्ही दोघं गेलो. शेणखतानं भरलेली ट्रॉली चिखलात रुतलेली, पिकअप मागून बाभळीला बांधलेली आणि बांधावर बघ्यांची ही गर्दी. तार सुटत होती, पण ओढायचं बटण दाबलं की विंच ढिम्म.

"बाईमाणसाचं काम हाय व्हय ह्ये!" मालकाकडे आलेला एक पाहुणा मोठ्यानं बोलला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळे अण्णांकडे वळले. अण्णांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"वायरिंग तिचं हाय. तिला इचारा."

मी मीटर लावला. बॅटरी ठीक, ब्रेकर ठीक, अर्थिंग ठीक. विंचवर हळदकुंकू, झेंडूचा हार, खाली नारळाची शेंडी. पूजा अगदी साग्रसंगीत झाली होती. विंचच्या वायरवाल्या रिमोटचा प्लग उपसला आणि सॉकेटमध्ये मोबाइलचा उजेड टाकला. आत मोडकी काडी.

"अगरबत्ती कुठं खोचलीवती?"

मालकानं निरागसपणे त्याच सॉकेटकडे बोट केलं. "एवढंच भोक गावलं की."

आमच्याकडे नवं यंत्र पूजेशिवाय चालू होत नाही, आणि अगरबत्तीला भोक शोधल्याशिवाय पूजा होत नाही. मोडलेल्या काडीवर त्यानं प्लग दाबून बसवला होता आणि ओढायच्या बाजूची पिन वाकली होती. चिमट्यानं काडी काढली, पिन सरळ केली, लोकांना तारेपासून लांब पिटाळलं आणि बटण दाबलं.

तार ताणली, बाभळ करकरली. ट्रॉली जागची हलली आणि इंचाइंचानं कोरड्यात आली. मी केबलवर तळहात ठेवला. नुसती कोमट होती. एवढं ओझं ओढून नुसती कोमट! तेव्हा मला माझ्या कामाचा जो अभिमान वाटला, तो अजून ओसरलेला नाही. "आता बोला की पावणं," मी म्हटलं. पाहुणा चपलेचा चिखल काढण्यात गुंतला होता.



पुढच्या आठवड्यात दुपारी मी दुकानाच्या मागच्या खोलीत डबा उघडला आणि बाहेर फोन वाजला. त्याच पाहुण्याला त्याच्या गाडीवर विंच बसवायची होती, असं अण्णांच्या बोलण्यावरून कळलं.

"न्हाय, न्हाय, मी न्हवं," अण्णा सांगत होते. "मिस्त्री जेवाय बसल्यात. अर्ध्या तासानं फोन करा."