जास्वंदीखालचे सातवाहन

रविवार, एक जून. काम: पावसाआधी गच्चीवरच्या नऊ कुंड्यांची माती बदलणे.

हे काम मी दर वर्षी अडीच तासांत उरकते. यंदाही अडीच तासांतच उरकलं. निस्तरायला तीन दिवस लागले.

कुंडीच्या तळाला भोक असतं. त्यावर खापराचे तुकडे ठेवले की पाणी झरतं आणि माती जागेवर राहते. (नर्सरीवाले त्यासाठी काहीबाही विकतात. घरात फुटकं मडकं असताना विकत कशाला आणायचं?) आदल्या दिवशीच मी आमचा गळका माठ फोडून ठेवला होता. पण एका माठात नऊ कुंड्या भागत नाहीत. म्हणून आठ दिवस लेकीच्या मागे लागले होते, "सायली, येता-जाता खापऱ्या दिसल्या तर उचलून आण गं." सायली विद्यापीठात मानववंशशास्त्र आणि पुरातत्त्व शिकते. म्हणजे रणरणत्या उन्हात उकिडवी बसून लोकांच्या शेतातली माती उकरते. घरची कुंडी उकरायला सांगितली की मात्र तिची पाठ धरते!

तर रविवारी सकाळी गच्चीवर गेले आणि बघतच राहिले. वर्तमानपत्रांवर खापऱ्याच खापऱ्या! घासून धुतलेल्या, वाळत घातलेल्या, नऊ ढीग करून मांडलेल्या. प्रत्येक ढिगावर दगडाखाली चिठ्ठी: एक, दोन, तीन, थेट नऊपर्यंत. कुंड्या नऊ, ढीग नऊ! एवढं शिस्तीचं काम सायलीनं जन्मात केलं नव्हतं. मी मनातल्या मनात विद्यापीठाचे आभार मानले आणि कुंड्यांवर खडूनं आकडे घालून ज्या आकड्याचा ढीग त्याच आकड्याच्या कुंडीत घातला. दोन-तीन तुकडे मोठे होते, ते वरवंट्यानं फोडले. चौथ्या ढिगात माल कमी वाटला, म्हणून माझ्या माठाचे नऊ तुकडे टाकून वर जास्वंद लावली. पाचवी कुंडी शेजारच्या शमाभाभींना मोगऱ्यासाठी दिली. अडीच तास. हात धुतले, चहा टाकला.

साडेबाराला सायली मैत्रिणीकडून प्रोजेक्ट टाईप करून आली आणि तडक गच्चीवर गेली. पाठोपाठ जी किंकाळी आली ती ऐकून खालचा रिक्षावाला थांबला.

"आई! माझ्या खापऱ्या?"

"घातल्या की कुंड्यांत. छान आणल्यास हं."

मग सायलीनं सांगितलं. त्या खापऱ्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या, सातवाहनांच्या काळातल्या होत्या! पंचगंगेकाठच्या एका शेताचे नऊ चौकोन आखून, सरांच्या देखरेखीखाली, एकेका चौकोनातून वेचलेल्या. सोमवारी अकराला त्या सरांपुढे मांडायच्या होत्या. नाही मांडल्या तर सहा महिने पाण्यात.

आमचे हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "दोन हजार वर्षं मातीत टिकल्या. आपल्या घरात अडीच तास टिकल्या न्हाईत!"

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. "जिथं घातल्यात तिथंच आहेत. खुरपं आणते, दहा मिनिटांत काढून देते."

"खुरपं?" सायली किंचाळली. "ब्रश आण!"

घरात मऊ ब्रश एकच होता. ह्यांचा दाढीचा. (पेपर परत तोंडापुढे गेला.)

आणि मग आमच्या गच्चीवर उत्खनन सुरू झालं. सायली एकेक कुंडी ताडपत्रीवर कलती करी, मी माती बाजूला करी, हे तळहातावर खापरी धरून दाढीचा ब्रश फिरवत. एक तुकडा बघून सायलीचे डोळे बारीक झाले.

"आई, ही कड ताजी आहे."

"असणारच. सकाळी दहाची आहे."

पाच नंबरसाठी शमाभाभींचं दार वाजवलं. त्यांचा मोगरा लावून, पाणीसुद्धा घालून झालं होतं.

"आवं वैनी, दिलेली कुंडी कुनी परत मागतं व्हय?"

"भाभी, तुमच्या मोगऱ्याखाली सातवाहन आहेत."

"असूंदेत की! माझ्या मोगऱ्याला त्यांचा काय तरास न्हाय."

शेवटी मोगऱ्याला दुसरी कुंडी आणि भाभींना उत्खनन बघायला खुर्ची, यावर मिटलं. खुर्चीवर बसल्या बसल्या भाभी दर खापरीला "ही तर माझ्या आईच्या घरातली!" म्हणत होत्या.

आठ कुंड्या सुरळीत निघाल्या. आकडे घालायची माझी सवय कामाला आली, एकाही ढिगाची सरमिसळ नाही. राहिली चार नंबरची. जुन्या खापऱ्या आणि माझा माठ, सगळं मातीनं माखून एका रंगाचं झालेलं. सायली रडायच्या बेतात आली.

"सरक बाजूला," मी सायलीला म्हणाले. "सहा उन्हाळे त्या माठातलं पाणी प्यालेय. हजारांत ओळखीन मी माझा माठ!"

"आई, नक्की ना?"

"भांडी ओळखायला मला विद्यापीठात जावं लागत नाही."

आणि मी टकाटक नऊ तुकडे बाजूला काढले. माझे म्हणून परत जास्वंदीखाली घातले. उरलेले सायलीनं चार नंबरच्या पिशवीत भरले.

सोमवारी दुपारी ती घरी आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"सरांना आवडलं का?"

"चार नंबर फार आवडला. सरांनी त्यातले तीन तुकडे जुळवले. मधोमध एक गोल भोक झालं. भोकाला प्लॅस्टिकची चकती." सायली थांबली. "सर म्हणाले, सातवाहनांच्या माठाला तोटी असायची हे मला आजच कळलं."

ह्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"म्हणजे मी जास्वंदीखाली घातले ते..."

"ते सातवाहन."

सर बिचारे भले निघाले. बाकीचे आठ ढीग जागच्या जागी आहेत म्हणून प्रोजेक्ट मान्य, चार नंबर बुधवारपर्यंत आणून द्यायचा. शिवाय मानववंशशास्त्राच्या पेपरसाठी त्यांनी सायलीला विषयही सुचवला: जुन्या वस्तूंचं घरगुती बायका काय करतात. माहिती द्यायला माणूस घरातच आहे, असं म्हणाले म्हणे.

संध्याकाळी जास्वंद पुन्हा उपटली. यावेळी मला कशालाच हात लावू दिला नाही. फोटोसाठी कुंडीशेजारी मोजपट्टी धरायचं काम दिलं. प्रोजेक्टमधल्या त्या फोटोत पट्टीवर चार बोटं दिसतात, ती माझी.

मंगळवारी सकाळी दुकानं उघडताच मी नवा माठ आणला. आमच्याकडे स्टीलच्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं आहे, मग माठानंच काय घोडं मारलंय? रंगाची डबी घेऊन बसले आणि लिहिलं: 'सायलीच्या आईचा माठ. काळ: चालू.' एकाच जागी लिहून भागणार नव्हतं. फुटल्यावर प्रत्येक तुकडा मला ओळखता यायला हवा, म्हणून चौदा ठिकाणी लिहिलं.