मावशींची मुकी शर्यत

शाळेच्या बसगाड्या जिथे उभ्या राहतात त्या डेपोत मावशींना 'एक्स्प्रेस' म्हणत. हे नाव कौतुकाने ठेवलेलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. अख्ख्या डेपोत सगळ्यात हळू गाडी कुणाची, तर मावशींची. सायकलवाले त्यांना मागे टाकत आणि वर मान वळवून बघत. डेपोतला मिस्त्री म्हणायचा, "मावशी, तुमच्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होऊन जातात." मावशी चिडायच्या नाहीत. "मागे मुलं असतात माझ्या, बटाटे नाही," एवढं बोलून त्या चहाचा कप उचलायच्या.

आणि हीच बाई शनिवार-रविवार आला की ताशी तीनशेच्या वेगाने पळणाऱ्या गाड्यांपुढे देहभान विसरून बसायची. आता याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

हे वेड लागलं ते काकांमुळे. काका म्हणजे मावशींचे यजमान, बेकरीत भट्टीवर कामाला. एकदा मावशी डेपोच्या पायरीवरून घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. काकांनी त्यांना टीव्हीसमोर बसवलं, उशाशी पाणी ठेवलं आणि कामाला निघून गेले. जाताना टीव्हीचा रिमोट खिशात घालून गेले. मुद्दाम नव्हे. हा माणूस खिशात काय घालील याचा नेम नाही, एकदा शेजाऱ्यांचं कुलूप घेऊन गेला होता. टीव्हीवर नेमकी चोवीस तासांची मोटारशर्यत चालू होती. मावशींना उठता येईना, चॅनेल बदलता येईना. आधी त्यांनी काकांचा उद्धार केला, मग मोटारींचा. पण एका गाडीला तीन चालक असतात, ते आळीपाळीने चालवतात, एकजण उतरतो तोवर दुसरा आत घुसतो आणि गाडी काही थांबायचं नाव घेत नाही, हे लक्षात आल्यावर मात्र त्या सावरून बसल्या. काका घरी आले, खजील होऊन रिमोट पुढे केला. मावशी म्हणाल्या, "हात लावाल तर याद राखा."

तेव्हापासून त्यांनी एकही लांब पल्ल्याची शर्यत चुकवली नाही. दीड-दोन तासांत उरकणाऱ्या शर्यतींना त्या शर्यत मानतच नसत. त्यांची आवडती गाडी पिवळी. छोट्याशा टीमची, कधीही न जिंकणारी. कधी तिचं दार निखळायचं, कधी चाक बदलताना नट घरंगळत जायचा, पण लंगडत-खुरडत का होईना, शेवटच्या तासाला ती रस्त्यावर असायची. "पहिला कोण आला ते कुणीही सांगेल," मावशी मिस्त्रीला सांगायच्या, "शेवटपर्यंत कोण टिकलं ते बघायला अक्कल लागते."

मावशींचा खरा जीव होता तो आवाजात. कोणती गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे, कुणाचं इंजिन थकलंय, हे आपण डोळे मिटून सांगू शकतो असं त्यांचं म्हणणं. त्यात थोडी बढाई होती, पण अगदीच खोटं नव्हतं. त्यांची बस जुनी, डिझेलची. इंजिन चालकाच्या शेजारीच, एका जाड झाकणाखाली. ते असं गर्जायचं की शेजारी वीज पडली तरी कळू नये. मावशी त्या गर्जनेवर गिअर बदलत, त्या गर्जनेवरून चढ ओळखत. डायलकडे बघायची त्यांना गरजच पडत नसे.

त्यामुळे विजेवरच्या शर्यतीच्या गाड्यांवर त्यांचा भारी राग. मिस्त्रीने एकदा हौसेने त्याच्या फोनवर तशी शर्यत लावून दाखवली. मावशींनी क्षणभर बघितलं आणि फोन परत दिला. "ही शर्यत आहे का शोकसभा?" पुढे त्याने हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीची बातमी आणली. ती धूर सोडत नाही, नुसतं पाणी सोडते, असं तो सांगू लागला. मावशी म्हणाल्या, "मग तिला गॅरेजात कशाला ठेवता, बागेत ठेवा."

असं बोलत राहायला पैसे पडत नाहीत. पण जे टीव्हीवर असतं ते एक दिवस दारात येतं. शाळेने कळवलं की आमच्या फाटकाशी धूर नको, नव्या वर्षापासून आमच्या मुलांना विजेची बस पाहिजे. डेपोच्या मॅनेजरांनी मावशींना बोलावून घेतलं. नवी बस येतेय, तुमच्याच रूटवर. शिकवायला कंपनीच्या मॅडम येतील. नंतर परीक्षा. पहिल्यांदा नाही जमलं तर आणखी एक संधी. "आणि तेव्हाही नाही जमलं तर?" मावशींनी विचारलं. "तर तुमची डिझेल आहेच की. कारखान्याच्या रूटला लावू," मॅनेजर म्हणाले. "पगार तोच."

पगार तोच, हे खरंच. पण कारखान्याच्या बसमध्ये मोठे बाप्ये बसणार, बसल्या बसल्या घोरणार आणि उतरणार. कुठल्या पोराला कुठल्या वळणावर मळमळतं, कोण पाण्याची बाटली विसरतं, कुणाला पहिल्या दिवशी पायरी चढता येत नव्हती म्हणून उचलून घ्यावं लागलं होतं, हे सगळं मावशींना पाठ होतं. तो रूट गेला तर त्यांच्या सकाळीत उरणार काय? बाहेर येऊन त्या जुन्या बसच्या चाकाला टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या.

शिकवायला आलेल्या मॅडम मुलीच्या वयाच्या, बोलायला गोड आणि समजावून सांगण्यात पक्क्या. रिकाम्या मैदानात सगळं छान झालं. मावशींचं घोडं अडलं ते परीक्षेच्या दिवशी, भर चौकात. सिग्नल लाल झाला, मावशींनी बस उभी केली आणि सगळीकडे शांतता पसरली. आता इतक्या वर्षांची सवय अशी, की गाडी उभी आणि आवाज नाही, म्हणजे इंजिन बंद पडलं. जित्याची खोड. मावशींना विचारायच्या आत त्यांचा हात किल्लीकडे गेला आणि त्यांनी चांगली चालू असलेली बस बंद केली. मग चालू केली. चालू केल्यावर अर्थातच आवाज आला नाही. म्हणून पुन्हा फिरवली. म्हणजे पुन्हा बंद. सिग्नल हिरवा झाला, मागे हॉर्नचा गोंधळ सुरू झाला आणि मावशी घामाघूम होऊन किल्ली फिरवताहेत, बंद, चालू, बंद. मॅडमनी आधी ओठ चावून पाहिले, मग त्यांनाही हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी कागदावर 'नापास' लिहिलं. "मावशी, गाडी जिवंत होती हो," त्या म्हणाल्या, "तुम्हीच पुन्हा पुन्हा मारलीत."

बातमी डेपोत मावशींच्या आधी पोचली. मिस्त्रीने त्या दिवशी थट्टा केली नाही. त्याने नुसता चहा आणून ठेवला, आणि तेच मावशींना जास्त लागलं.

घरी त्यांनी जाहीर केलं की कारखान्याचा रूट काही वाईट नाही. काका पहाटे भट्टीवर जायचे, म्हणून संध्याकाळीच अंथरुणावर पडायचे. ते "बरं" म्हणाले आणि कूस बदलून झोपले. बायको जेव्हा 'काही वाईट नाही' म्हणते तेव्हा बोलायचं नसतं, एवढं त्यांना संसाराने शिकवलं होतं.

त्या शनिवारी वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत होती. मावशी पलंगाच्या कडेला बसून बघत होत्या, काका मागे झोपलेले. ऐन रंगात आलेली शर्यत आणि एकाएकी पलंगाला असा हादरा बसला की काका उठून बसले.

"काय झालं?"

"काही नाही, झोपा तुम्ही. त्या पिवळीवाल्याने ब्रेक उशिरा दाबला. चाक अडकलं. आता टायर सपाट झाला असणार एका बाजूने, बघा तुम्ही, पुढच्या फेरीला टायर बदलायला पिटमध्ये येतोय की नाही."

काकांनी टीव्हीकडे बघितलं. मग बायकोकडे. तिचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबून बसला होता. पुढच्या फेरीला पिवळी गाडी निमूटपणे पिटमध्ये आली.

"अगं, पण तुला कळलं कसं?"

"कसं म्हणजे? गाडीचं नाक बघा ना, कसं खाली गेलं. आणि रस्त्याकडेचे ते लाल-पांढरे पट्टे किती झपकन गेले. डोळे आहेत ना मला!"

"आवाज कुठाय?"

मावशींनी टीव्हीकडे बघितलं. आवाज बंद होता. आवाज नेहमीच बंद असायचा. घर एका खोलीचं, नवरा संध्याकाळपासून झोपलेला, शर्यत चोवीस तासांची. पहिला तासभर काय तो आवाज ऐकायचा, काकांनी अंग टाकलं की टीव्ही मुका करायचा, हा या घरचा शिरस्ताच होता. बाहेर इंजिनाच्या आवाजावर भाषणं देणाऱ्या या बाईने आयुष्यातल्या निम्म्याहून अधिक शर्यती मुक्याच बघितल्या होत्या आणि ते तिच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

"इथे बसून तुला दुसऱ्याची गाडी आवाजाशिवाय कळते," काका म्हणाले, "मग स्वतःची कळायला काय धाड भरलीय?" एवढं मोठं वाक्य बोलून ते पुन्हा आडवे झाले आणि क्षणात घोरू लागले.

सोमवारी मावशी मॅडमना म्हणाल्या, "मला पुन्हा बसवा." या वेळी त्यांनी कान घरी ठेवले. डायलकडे बघितलं, रस्त्याकडेच्या झाडांकडे बघितलं, ब्रेक दाबल्यावर समोरची काच किती झुकते ते बघितलं. पाय लवकर उचलला की बस आपोआप मंदावते आणि बॅटरीत थोडी वीज परत जाते, हे मॅडमनी दाखवताच मावशी ओरडल्या, "अहो, हे तर आमची पिवळी करते! वळणाच्या आधीच पाय काढते!" त्यावर कळलं की मॅडमनाही शर्यतींचा नाद आहे, तोही विजेवरच्या. मग काय विचारता! एक म्हणे तुमच्या गाड्या म्हणजे शिलाई मशीन, दुसरी म्हणे तुमच्या म्हणजे फुटका भोंगा. भांडता भांडता सराव झाला. आणि वीज वाचवायची तर हळू, पुढचं बघून, झटके न देता चालवावं लागतं. हे तर मावशी जन्मभर करत आल्या होत्या.

राहता राहिला तो किल्लीकडे जाणारा हात. त्याला काही केल्या अक्कल येईना. शेवटी मावशींनी साधा उपाय केला. सिग्नलला बस उभी राहिली की तो हात मांडीखाली दाबून त्यावर बसायचं. परीक्षेच्या दिवशी त्या प्रत्येक चौकात अशाच बसल्या. मॅडमनी कागदावर शेरा लिहिला, 'चालक सिग्नलला अवघडून बसतात.' आणि त्याखाली लिहिलं, 'पास.'

डेपोत मिस्त्रीने टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "काय मावशी, शोकसभा कशी आहे?" आता कुठे त्याची जीभ मोकळी झाली होती. मावशींनी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

नव्या वर्षाचा पहिला दिवस. मुलं आली, नव्या सीटवर उड्या मारून झाल्या, दार लागलं आणि बस निघाली. मावशींना सारखं काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. जुन्या इंजिनाची आठवण आली. आली तर आली, त्यात लाजायचं काय? कितीही झालं तरी सोबत होती ती. मागून मुलांचा कलकलाट येत होता. डिझेलच्या बसमध्ये त्याचा नुसता एक गोंगाट ऐकू यायचा, आज वेगवेगळे आवाज कळत होते. कोण कुणाला चिडवतंय, कोण खोटं बोलतंय, सगळं.

आणि त्यात एक आवाज अगदी जवळून येत होता. बारीक, एकसुरी, न थांबता. मावशींच्या पाठीमागच्या सीटवर बसणारी ती छोटी. पहिल्या दिवशी जिला उचलून घेतलं होतं, तीच. वर्गातही तोंड उघडत नाही अशी तिच्या आईची तक्रार असायची.

"...आता मावशी वळणावर आल्या. सायकलवाला पुढे गेला. मावशींनी त्याला जाऊ दिलं. मावशी घाई करत नाहीत, अजून खूप शर्यत बाकी आहे. आता दुधाची गाडी मागून येतेय..."

मावशींनी कान टवकारले. सिग्नल लागला. बस थांबली. त्यांनी आरशात बघितलं.

"काय बोलतेस गं?"

"कॉमेंट्री," छोटी म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं ना, तुम्हाला शर्यत आवडते. म्हणून करते."

"कधीपासून?"

"रोजच करते." तिला या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. "तुम्ही ऐकता की. रोज मान हलवता."

मान त्या कशाला हलवतील? ती जुन्या बसच्या इंजिनाच्या थरथराटाने हलायची. त्या लोखंडाशेजारी बसल्यावर कुणाचीही हलेल. हे पोर रोज सकाळी त्यांच्या पाठीमागे बसून त्यांची शर्यत सांगत होतं आणि त्यांच्या कानावर एक अक्षर पडलं नव्हतं. डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता. एक स्टिअरिंगवर होता, दुसऱ्यावर त्या बसल्या होत्या.

"मग," त्यांनी आरशात बघून विचारलं, "कितवा नंबर आहे आपला?"

"शेवटचा. पण आपण रोज पोचतो." छोटीने जरा पुढे सरकून विचारलं, "मोठ्याने बोलू का मी?"

सिग्नल हिरवा झाला. मावशींनी हात मांडीखालून काढला, पाय अलगद दाबला आणि बस निघाली.

"नको गं," त्या म्हणाल्या. "आता ऐकू येतंय."