पडद्यावरची रिकामी खुर्ची

आमच्या टेकडीवरच्या विद्यापीठात एकूण पोरं किती, असं विचारलं तर कुलसचिवसुद्धा आधी खिडकीबाहेर बघतात. एवढ्या गर्दीत एखाद्या पोराला हाताला धरून ‘तुझ्यासाठी पलीकडे आणखी एक दार आहे’ असं सांगणारा माणूस एकच. ‘पदवी विद्यार्थ्यांसाठी विशेष संधी’ अशी पाटी असलेल्या खोलीत तो बसतो. कुणाला प्राध्यापकांच्या संशोधनात घुसव, कुणाला परदेशी प्रयोगशाळेत एका सत्रासाठी धाड, हे त्याचं काम. खरं नाव क्येयुने. पण घरात जुळी जन्मली आणि आमच्या रिवाजाप्रमाणे ते ‘सालोंगो’, म्हणजे जुळ्यांचे वडील झाले. तेव्हापासून त्यांचं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलंय.

मी वनस्पतिशास्त्राचा मास्तर. आमच्या विभागाचं छत गळायला लागलं म्हणून त्यांच्या खोलीत तात्पुरता आलो, आणि ते तात्पुरतेपण आता निवृत्तीला टेकलं. इतक्या वर्षांत सालोंगोंना निर्धास्त बघितल्याचं मला आठवत नाही. एखादं पोर निवडलं जाईपर्यंत ते सकाळचा काटोगो, म्हणजे कच्च्या केळ्यांचा रस्सासुद्धा अर्धा टाकतात. समोरच्या झाडावर ते टकले, गळ्यात पिशवी लोंबणारे करकोचे बसलेले असतात ना, त्यांच्याकडे बघून म्हणतात, “मास्तर, हे सगळे निवड समितीवरचे वाटतात हो मला.”

यंदा तर काळजीला कारणच होतं. उत्तरेकडच्या एका थंड देशातली एक प्रयोगशाळा दरवर्षी आमच्या एका विद्यार्थ्याला बोलावते. विषय केळ्यांचे रोग. तिथे केळीचं एक झाड उगवत नाही, पण रोगावर जीव फार. सलग दोनदा आमचं कुणी निवडलं गेलं नव्हतं. कारण एकच: ‘तू काय केलंस?’ असं विचारलं की आमची पोरं मान खाली घालून ‘सगळ्यांनी मिळून केलं, मी कोण!’ असं म्हणत. पलीकडच्यांना वाटे, यांनी काहीच केलं नाही. याही वेळी कुणी निघालं नाही तर ही जागा दुसऱ्या विद्यापीठाला, असं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं.

यंदाची उमेदवार होती नब्बोसा. मसाक्याकडची पोरगी. तिच्या आजीची बाग करप्याने जळाली तेव्हापासून कोणत्या झाडाची पानं आधी पिवळी पडतात याचा तिने असा पिच्छा पुरवला होता की आमचे प्राध्यापक तिला बघून वाट बदलत.

सालोंगोंनी तिची तालीम सुरू केली.

“निरीक्षणं कुणी घेतली?”

“आम्ही, सेबो.” सेबो म्हणजे आमच्याकडचं ‘साहेब’.

“आम्ही कोण? तू राणी आहेस का? ‘मी’ म्हण!”

“मी… आणि आजी.”

“आजीला घरी ठेव गं बाई!”

शेवटी ती ‘मी’ म्हणायला शिकली. पण चोरी कबूल करावी तसं म्हणायची.

मुलाखतीच्या दिवशी सालोंगोंनी वीज जाईल म्हणून जनरेटर आणवला, जनरेटर बंद पडेल म्हणून मेकॅनिकला बसवून घेतलं, आणि मेकॅनिक पळून जाईल म्हणून त्याला रोलेक्स खायला घातला. आता चपातीत गुंडाळलेल्या आम्लेटासाठी आमच्याकडे माणूस कुठेही थांबतो. अट एकच होती: उमेदवार खोलीत एकटाच हवा. सालोंगो म्हणाले, “मी एकटाच तर आहे तिच्याबरोबर,” आणि संगणकाच्या पडद्यामागे भिंतीला चिकटून उभे राहिले. मी दाराच्या फटीला.

पडदा उजळला. समोर पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या एक वयस्क प्राध्यापिका, बाजूला दोन तरुण माणसं. बाई हसल्या. आणि नब्बोसाने त्यांना पाहताच जे केलं, ते तालमीत कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. वडीलधारी बाई समोर दिसली, पोरगी खाली गुडघ्यावर बसली. मान वाकवून आमच्याच भाषेत म्हणाली, “कष्ट केलेत, आई, भलं होवो.”

पडद्यावर उरली रिकामी खुर्ची.

“हॅलो?” पलीकडचा एक तरुण म्हणाला. “संपर्क तुटला वाटतं.”

आता, वडीलधाऱ्याने नमस्काराला उत्तर दिल्याशिवाय उठायचं नसतं, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. बाईंना कुठून माहीत! त्या खुर्चीकडे बघतायत, पोरगी जमिनीकडे. सालोंगो हाताने ‘वर ये, वर ये’ करतायत, पण तिची नजर खाली ती खालीच. क्षण जात होते आणि ती एकुलती जागा डोळ्यांदेखत दुसऱ्या विद्यापीठाकडे चालली होती.

मग सालोंगोंच्याने राहवलं नाही. भिंतीपासूनच म्हणाले, “तूही केलेस, बाळा.”

“हं,” ती रिवाजाप्रमाणे म्हणाली.

“हं,” ते म्हणाले.

“हं.”

आणि पोरगी उगवली.

“तुमच्याबरोबर कुणी आहे का?” तरुणाने कपाळाला आठ्या घालत विचारलं. सालोंगो पांढरे पडले. त्या रंगाच्या माणसाने पांढरं पडणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं.

नब्बोसा म्हणाली, “आहेत. आमचे सालोंगो. मी तुम्हाला नमस्कार केला, तुम्हाला उत्तर देता आलं नाही, म्हणून तुमच्या वतीने त्यांनी दिलं. नाहीतर मी अजून खालीच असते.”

तिघे आपसांत काहीतरी बोलले. आज मुलाखत थांबवतो, कळवू, म्हणाले. पडदा काळा.

पुढचे दिवस सालोंगो भुतासारखे वावरले. “मास्तर, पोरीचं नशीब मी दोन शब्दांत खाल्लं. पूर्ण अननस गिळल्यासारखं बोचतंय.”

“तुम्ही गप्प राहिला असता तर ती आजही गुडघ्यावर असती,” मी म्हणालो. त्याने काही फरक पडला नाही.

निरोप आला: मुलाखत पुन्हा घेऊ, मात्र ते गृहस्थ इमारतीबाहेर हवेत. सालोंगो इमारतीबाहेरच काय, रस्त्याच्याही पलीकडे जाऊन उभे राहिले. हातातली शेंगांची पुडी त्यांनी टरफलांसकट संपवली. मी सोबतीला.

नब्बोसा बाहेर आली, तसे ते बोडाबोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलींमधून रस्ता कापत धावले.

“काय विचारलं?”

“करपलेलं झाड तोडलं तरी रोग त्याच बागेत परत का येतो.”

“मग? तू काय म्हणालीस?”

“मी म्हणाले, मला माहीत नाही.”

“माहीत नाही!” सालोंगोंनी कपाळ धरलं. “मी तुला ‘मी’ म्हणायला शिकवलं ते यासाठी? अगं, एवढं शिकवूनही…”

“त्या म्हणाल्या, आम्हालाही नाही. मग इथे येऊन शोध.”

“हसत म्हणाल्या की नुसतं?”

“हसत. आणि कधी निघतेस तेही विचारलं.”

सालोंगो फुटपाथाच्या कडेवर बसले. डोळे पुसले. करकोच्यांकडे बघून प्रथमच हसले. मला वाटलं, चला, आज तरी हा माणूस पोटभर जेवेल. तेवढ्यात ते गर्रकन वळले.

“बाळा, पासपोर्ट आहे ना गं तुझ्याकडे?”

नव्हता.