ताईचा वेगळा पेला

ताई वारल्यापासून घर फार शांत वाटतं. तिचं नाक बारा महिने वाहायचं. बाबा धानाच्या गिरणीत पोती उचलत, पण त्यांना कधी साधी शिंकही यायची नाही. जेवताना ते तिला चिडवत, "काहून वं, वैनगंगेले पूर आला काय?"

ताई बाहीने नाक पुसून म्हणायची, "तुमच्या मिशीपर्यंत नाई ना आला, बाबा?"

सर्दी झालेल्याचा पेला वेगळा ठेवायची आईची रीत होती. ताईचा जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पेला तर कायमचाच चुलीपाशी उपडा असे. बालाघाटात तापाची साथ आली तेव्हा आई तिला म्हणाली, "तुले आधी लागंल. साथ सरेपर्यंत मावशीकडं बैहरले राहाय." ताई नाक ओढत बैहरच्या बसमध्ये चढली.

पडले मात्र बाबा. पाहता पाहता त्यांना उठून बसणं कठीण झालं. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात, ओठ निळसर दिसत. डॉक्टरांनी सुई दिली आणि निघताना आईला एवढंच म्हणाले, "अब देखते हैं, बाई." मग आई आणि मीही तापाने पडलो. निरोप मिळताच ताई परत आली. तिनेच पेज शिजवली, तिनेच बाबांच्या पाठीशी गोधड्या रचून त्यांना बसतं ठेवलं. तिचं स्वतःचं नाक नेहमीपेक्षा थोडं जास्त वाहिलं, इतकंच.

पुढे पुष्कळ वर्षांनी मी वाचलं, की साधी सर्दीसुद्धा नाकाच्या अस्तराला काही काळ सावध ठेवते, आणि नवा विषाणू कधी कधी तिथेच अडतो. ही जाग उशिरा आली, तर तो छातीत उतरतो. मग शरीराचा प्रतिकारच फुप्फुसांना सुजवतो. आमच्या घरी तसंच घडलं असेल, असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. ताईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे माह्या पेल्याचा काही गुन्हा नव्हता."

त्या आजारात बाबांना डोळे उघडायचंही त्राण नव्हतं. पलीकडे ताईने नाक ओढलं, की त्यांची बोटं चादरीवर हलत. ताप उतरला त्या सकाळी ती त्यांच्या पितळी पेल्यात पेज घेऊन आली. बाबांनी नकारार्थी मान हलवली. फार हळू म्हणाले, "तुह्या पेल्यात दे, माय."

आईने अंथरुणातूनच चुलीपाशी उपड्या असलेल्या पेल्याकडे बोट दाखवलं.