मास्क मागायला आलेला रिलीव्हर

भट्टीपुढं आयुष्य घालवलेल्या माणसाला भूत दाखवायचं म्हणजे अवघड काम. आमच्या खात्यात कुणी म्हणलं की पाण्याच्या टाकीपाशी बाई दिसली, तर मी म्हणायचो, दिसली तर इकडं पाठव, वाळू उपसायला माणूस कमी आहे! माझं मत अजूनही तेच आहे. तरी हे लिहितोय. मी चौथी शिकलेला माणूस, चुकलं तर चुकलं. सूनबाई हे मोबाईलवर टाकणार आहे, तिला बजावलंय — एक शब्द बदलायचा नाही.

राहायला मी थेरगावात, डांगे चौकाच्या मागच्या अंगाला. नोकरी चाकणला एका फाउंड्रीत केली, लोखंड वितळवायच्या भट्टीवर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. छाती मात्र रिटायर व्हायला तयार नाही, तिचं काम चालूच. थोडे दिवस बरे गेले की पुन्हा कफ भरतो, ताप येतो, डॉक्टर अँटिबायोटिक लिहून देतात. ताप उतरला की मी गोळ्या बंद करायचो. बऱ्या माणसानं औषध कशाला खायचं? उरलेल्या गोळ्या डब्यात. पुढच्या खेपेला त्यातल्याच घ्यायच्या, नाही पुरल्या तर मेडिकलवाल्याला रिकामं पाकीट दाखवून तसल्याच आणायच्या.

सूनबाई ओरडायची, "अण्णा, लोणचं आहे का ते, पुरवून पुरवून खायला?"

"तुला काय करायचंय? छाती माझी आहे."

"छाती तुमची, पण खोकला सगळ्या बिल्डिंगचा आहे!"

यंदा थंडीत मात्र खेळ आटपायची पाळी आली. न्यूमोनिया. घराजवळच्या हॉस्पिटलात ॲडमिट केलं. सलाईनमधून एक औषध दिलं, ताप हलेना. दुसरं दिलं, तरी नाही. डॉक्टरीणबाई दाराशी मुलाला सांगत होत्या. माझे कान शाबूत आहेत, मी ऐकलं — "आता हे तिसरं चालू केलंय. याच्यापुढं माझ्या हातात फारसं काही नाही."

त्यानंतर मी झोपायचं सोडलं... का, ते कुणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, डोळा लागला की श्वास घ्यायचा राहून जाईल. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि एकेक श्वास विहिरीतून बादली ओढावी तसा ओढायचा. सूनबाई म्हणायची झोपा, सिस्टर म्हणायची झोपा. मी आपला छताकडं बघत जागा.

आता भट्टीचा एक नियम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. भट्टी चालू असताना बदलीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. बाप मेला तरी नाही. भट्टीत बघायला निळ्या काचेचा एकच चष्मा असायचा. रिलीव्हर आला की नुसता हात पुढं करायचा. आपण भट्टीचे हाल सांगायचे, चष्मा त्याच्या हातात ठेवायचा, आणि सुटलो. मग तिथून पुढं जबाबदारी त्याची.

तर, दुपारची गोष्ट. पहिली पाळी सुटून दुसरी लागते ती वेळ. खिडकीतून लख्ख ऊन. सूनबाई इंजेक्शन आणायला खाली गेली होती. तिच्या खुर्चीवर बघतो तर एक माणूस बसलेला. निळा ड्रेस, कोपरापाशी जळून भोकं पडलेली. कपाळावर निळा चष्मा. साच्याच्या जळक्या वाळूचा वास आला — तो वास मी झोपेतसुद्धा ओळखीन. पण माणूस ओळखीचा नव्हता. आमच्या खात्यातला एकही चेहरा मी विसरलेलो नाही, हा त्यातला नव्हता.

"काय हाल हाय?" तो म्हणला.

मी सवयीनं सांगून गेलो. "डावी बाजू धरलीय. तिसरं औषध चालू हाय."

"माल अर्धा वितळला की भट्टी बंद करीत हुतास म्हनं? गोठलेला माल पुन्ना वितळवायचा म्हंजे पुढच्याचा जीव जातो. ठाऊक न्हाई व्हय तुला?"

"मला भट्टी शिकवू नको," मी म्हणलं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

तो हसला आणि त्यानं हात पुढं केला. बास, एवढंच. आणि माझ्या हातानं — मी नाही, हातानं — तोंडावरचा मास्क काढून त्याला दिला. त्यानंतरचं काही आठवत नाही. झोपलो.

जाग आली ती आरडाओरड्यानं. सिस्टर म्हणत होती, "आजोबा, मास्क कुणी काढला? जीव नकोय का?" तिनं बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा बघितला, चिमटा काढून पुन्हा लावला. आकडा मास्क असतानापेक्षा चांगला होता. ताप पण उतरलेला. आणि मास्क कुठं? नळीसकट खुर्चीच्या पाठीवर, माणूस बसला तर त्याचं तोंड येईल तिथं. इंजेक्शन घेऊन आलेल्या सूनबाईनं तो उचलला आणि माझ्याकडं बघायला लागली. आतून वाफ धरली होती. धरायची, जायची, पुन्हा धरायची...

सिस्टरचं टेबल दाराला लागून. ती म्हणली, आत कुणीही गेलेलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणल्या, तिसरं औषध लागू पडलं. पडलं असेल, मी कुठं नाही म्हणतो? मग मास्कात कोण श्वास घेत होतं, ते तेवढं सांगा. म्हणल्या, "काका, आराम करा."

घरी आल्यावर गोळ्या पाकीट संपेपर्यंत खाल्ल्या. सूनबाईच्या धाकानं नाही, हे आधीच सांगतो. पण डोक्यात एकच गोष्ट फिरायची. मी तर सुटलो. त्याला कोण सोडवणार? रिलीव्हर आला नाही तर माणूस तिथंच उभा राहतो, डबल पाळी करतो, तिबल करतो...

तपासणीला बोलावलं तेव्हा मुद्दाम दुसऱ्या पाळीच्या वेळेला गेलो. सूनबाई फाईल घेऊन लायनीत, मी वर वॉर्डात. म्हणलं, खुर्चीपाशी जाऊन नुसतं सांगायचं — बाबा, मी आलो, तू जा आता. लोक हसले तर हसू देत.

खुर्ची रिकामी होती. माझ्या कॉटवर दुसराच एक म्हातारा, डोळे तारवटलेले, किती दिवस झोपला नव्हता कोण जाणे. मी खुर्चीत टेकलो. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, तोंडावरचा मास्क काढला आणि माझ्यापुढं धरला.

"आलात व्हय?" म्हणला. "किती वेळ लावला राव..."

मी मास्क घेतला. घेतला, हे खरं. मग भानावर येऊन त्याच्या नाकावर परत बसवला आणि म्हणलं, "झोप तू. मी हाय."

तो लगेच झोपला, पोरासारखा.

या सगळ्याचा अर्थ काय, मला अजून लागलेला नाही. खाली माझा नंबर येऊन गेला, सूनबाई वर येऊन म्हणली, "अण्णा, चला, किती शोधायचं तुम्हाला?"

मी म्हणलं, "थांब. अजून माझा माणूस आलेला नाही."